बिल्ड कॉन्फिगरेशनमधील पुनरुक्ती

एकच सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅकओएससाठी तयार करताना बिल्डच्या, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या, त्याच त्या सूचना प्रत्येक प्रणालीच्या फाइलीत पुन्हा लिहिल्या जातात. ही पुनरुक्ती कमी करणे म्हणजे समान भाग एकाच जागी ठेवणे आणि खरोखर वेगळा असलेला भागच प्रणालीनुसार लिहिणे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या महापे-ऐरोली पट्ट्यात कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्या शेजारीशेजारी आहेत. अशा ठिकाणच्या प्रकल्पात यंत्राला जोडलेला संगणक विंडोजवर, डेटा सेंटरमधला सर्व्हर लिनक्सवर आणि ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर मॅक, अशी वाटणी सहज होते. आधी विंडोजची बॅच फाइल (कमांडची यादी) लिहिली जाते, तिच्यावरून लिनक्सची शेल स्क्रिप्ट, आणि मॅकसाठी त्या स्क्रिप्टची नक्कल. पुढे एखाद्या लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) आवृत्ती दोन ठिकाणी बदलते, तिसरीकडे राहून जाते. बिल्ड अडत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. एकाच प्रणालीच्या ग्राहकांना मात्र जुनी लायब्ररी जात राहते. जास्तीच्या टायपिंगचा त्रास यापुढे किरकोळच.

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेले ‘मेक’ हे बिल्डचे साधन युनिक्सपुरते होते. किटवेअर कंपनीने 2000 च्या सुमारास सुरू केलेले ‘सीमेक’ एका वर्णनावरून त्या त्या प्रणालीच्या बिल्ड फाइली तयार करते. कोणत्या सोर्स फाइलींपासून कोणती लायब्ररी बनवायची एवढे त्याला सांगायचे. तिचे नाव डीएलएल (विंडोज), एसओ (लिनक्स) की डायलिब (मॅक) यांपैकी कशाने संपेल ते त्याचे ते पाहते. ज्या स्क्रिप्टमध्ये ही शेपटे हाताने लिहिलेली दिसतात, तिथून साफसफाई सुरू करावी.

सीमेकच्या 3.19 आवृत्तीत (2020) प्रीसेट, म्हणजे पर्यायांचे नाव दिलेले तयार संच, आले. सर्वांना सामाईक असलेले पर्याय एका छुप्या पायाभूत प्रीसेटमध्ये ठेवायचे, आणि तिन्ही प्रणालींच्या प्रीसेटनी ते वारशाने घ्यायचे. 3.21 पासून प्रीसेटला अटही घालता येते, म्हणजे विंडोजचा प्रीसेट लिनक्सवर यादीत दिसतच नाही. स्वतःच्या संगणकापुरते मार्ग वैयक्तिक प्रीसेट फाइलीत लिहावेत; ती फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) चढवू नये. इथली नेहमीची चूक म्हणजे बिल्डचा प्रकार फक्त कॉन्फिगर करताना, म्हणजे बिल्ड फाइली तयार होताना, ‘रिलीज’ (ग्राहकाला द्यायची प्रत) असा देणे. मेक आणि निंजा ही बिल्डची साधने तो पाळतात, मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ आणि ॲपलचे एक्सकोड तो विचारातच घेत नाहीत. त्यांना तो बिल्डच्या वेळी सांगावा लागतो, नाहीतर व्हिज्युअल स्टुडिओ निमूटपणे डीबग (चुका शोधण्यासाठीची) प्रत बनवते. ती डेव्हलपरकडे चालते. ग्राहकाच्या संगणकावर डीबग रनटाइमच्या डीएलएल नसतात, म्हणून तिथे उघडतच नाही.

सीआयमध्ये (बदल आला की बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) हेच काम मॅट्रिक्स करते: एकच जॉब, आणि प्रणालींची नावे त्याला यादी म्हणून दिलेली. गिटहब ॲक्शन्स या सीआय सेवेत मॅट्रिक्समधला एक जॉब पडला की बाकीचे आपोआप रद्द होतात. तिन्हीकडची अवस्था एकदम पाहायची असेल तर फेल-फास्ट हा पर्याय बंद करावा. विंडोजवर मूळ शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पॉवरशेल असते, म्हणून सामाईक पायऱ्यांसाठी बॅश हे शेल असे स्पष्ट लिहावे. तिथे गिटसोबत आलेले बॅश वापरले जाते. तरी सगळीकडचे बॅश सारखे समजू नये. मॅकओएससोबत येणारे बॅश अजून 3.2 आहे, त्यात असोसिएटिव्ह ॲरे (नावाने मूल्य शोधता येणाऱ्या याद्या) नाहीत. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने फाइल जागच्या जागी बदलतानाही मॅकवर बॅकअपचा प्रत्यय वेगळा द्यावा लागतो, लिनक्सवरच्या जीएनयू सेडला तो लागत नाही. अशा कामांसाठी स्क्रिप्ट सरळ पायथनमध्ये लिहिलेली बरी.

ओळींच्या शेवटांचा गोंधळ वेगळाच. विंडोजवर सेव्ह केलेल्या शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीअखेर कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह चिकटले, तर लिनक्स ‘इंटरप्रिटर सापडला नाही’ अशी तक्रार करते आणि फाइल तर समोर दिसत असते. गिट-ॲट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सच्या पद्धतीचा ओळीचा शेवट) सक्तीचे केले की हे थांबते. फाइलींच्या नावांत मोठी-लहान अक्षरे चुकली, तर विंडोज आणि मॅक सहसा खपवून घेतात, लिनक्स घेत नाही.

एकत्रीकरण कुठे थांबवायचे हेही ठरवावे लागते. दर चौथ्या ओळीला ‘विंडोज असेल तर’ येऊ लागले, की त्या तीन फाइलीच एकीत गुंतल्या आहेत असे समजावे. इन्स्टॉलर बनवणे आणि सही करणे या पायऱ्या तिन्हीकडे मुळातच निराळ्या आहेत: ॲपलचे नोटरायझेशन (ॲपलकडून होणारी ॲपची तपासणी) आणि विंडोजची ऑथेंटिकोड सही यांत समान म्हणण्यासारखे फारसे नाही. त्या वेगळ्या फाइलींतच राहू द्याव्यात.

बदल एका दमात करू नये. आधी तिन्ही फाइली शेजारी ठेवून फरक काढावा आणि प्रत्येक फरक मुद्दाम ठेवलेला आहे की विसरून राहिलेला, हे विचारून घ्यावे. मग आवृत्त्यांचे आकडे, त्यानंतर कंपायलरचे पर्याय, शेवटी चाचण्या अशा क्रमाने मजकूर सामाईक फाइलीत हलवावा. जुनी आणि नवी बिल्ड काही दिवस सोबत चालवून तयार फाइलींची यादी आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी ताडून पाहाव्यात, आणि मगच जुनी स्क्रिप्ट काढावी. एक बिल्ड ‘नवी मुंबई’ नावाच्या फोल्डरमध्ये करून पाहावी. मार्गाला अवतरणचिन्हे नसतील तिथे शेल ‘नवी’ आणि ‘मुंबई’ असे दोन शब्द धरते, आणि देवनागरी न झेपणारी साधनेही याच फोल्डरमध्ये उघडी पडतात.