गोव्यात दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं आणि लायसन्स महाराष्ट्राचं: जामीन, गाडी, कोर्ट, लायसन्स

‘पावती किती फाडायची?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही. दंड कोर्टच ठरवतं. रस्त्यात कुणाच्या हातात पैसे ठेवून प्रकरण संपलं असं समजू नका.

मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून अटकेच्या कागदावर सही करण्याआधी त्यावरची वेळ वाचा. रक्त द्यायला विनाकारण नकार दिला तर तो कोर्टात तुमच्याच विरोधात जातो.

गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे. तरी परराज्यातला माणूस इथेच अडकतो, कारण ‘इथला जामीनदार आणा’ असं सांगितलं जातं. रात्री दीड वाजता कळंगुटमध्ये कोल्हापूरच्या पोरानं एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) असलेला गोवेकर आणायचा कुठून? जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात १९७८ मध्येच सांगितलंय. इतक्या वर्षांनंतरही लोकांना तेच ऐकावं लागतं याची चीड येते. पण ठाण्यात आवाज चढवून काही साधत नाही. जामीनदाराऐवजी रोख रक्कम जमा करण्याची परवानगी मागा; तशी तरतूद आहे. गावाकडच्या नातेवाइकाला जामीनदार करायचं तर त्याचं आधार, सातबारा किंवा पगाराची स्लिप घेऊन त्याला सकाळीच निघायला सांगा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

गाडी भाड्याची असेल तर आरसी मालकाकडे असते, आणि गाडी सोडवायला बहुतेक वेळा मालकालाच यावं लागतं. त्याला त्याच रात्री कळवा. भाड्यानं द्यायचा परवाना नसलेली, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे नसलेली खासगी गाडी घेतली असेल तर मालक पुढे यायलाच कचरतो. गाडी घेतानाच पाटी बघा.

लायसन्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. ते जप्त करून पोलीस पोच देतात आणि लोक ती पोच खिशात घालून गाडी चालवत सीमेवरच्या बांद्याच्या पुढे निघतात. इतर काही प्रकरणांत पोचेवर गाडी चालवता येते, पण या गुन्ह्यात लायसन्स परत मिळेपर्यंत चालवता येत नाही. दुसऱ्या कुणाला चालवायला सांगा किंवा बसनं या.

पुढे दोन वेगळी कामं चालतात. लायसन्सिंग अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवू शकतात. कोर्टात दोषी ठरलात तर किमान सहा महिने अपात्रता येते. म्हणून ‘दंड भरला, मोकळा झालो’ म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाशी बोला. अपात्र असताना गाडी चालवली तर वेगळा गुन्हा होतो आणि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपील करायला तीस दिवस असतात आणि ते आदेश मिळाल्यापासून मोजतात. तारखेचा पुरावा राहावा म्हणून आदेश ज्यातून आला ते पाकीट फेकू नका.

समन्स लायसन्सवरच्या पत्त्यावर जातं. तिथे तुम्ही आता राहत नसाल तर ठाण्यातून निघण्याआधी सध्याचा पत्ता आणि फोन नंबर लेखी द्या, त्याची पोच घ्या. कोर्टाची तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि मग ‘मला कळलंच नाही’ हे मॅजिस्ट्रेटला पटवणं फार अवघड जातं. समन्स आलं की ते नीट वाचा. वकिलामार्फत हजर राहायची मुभा दिली असेल तर प्रत्येक तारखेला म्हापशाच्या कोर्टाची वारी करावी लागत नाही. मुभा नसेल तर वकिलाला तशी परवानगी मागायला सांगा, आणि ती मिळेपर्यंत तारखेला स्वतः हजर राहा.