पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये काय असतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत चालणारे कितीतरी लॅपटॉप एका तारखेत 'जुने' ठरले. या निमित्ताने अनेकजण उबुंटू किंवा मिंट या मोफत लिनक्स सिस्टिम बसवून बघायला तयार झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातले बरेचजण पहिल्याच पायरीवर अडतात. आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलीत बांधलेली) डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली, मशीन रीस्टार्ट केलं, आणि स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' (बूट होणं म्हणजे सिस्टिम सुरू होणं). मग पेनड्राइव्ह खराब आहे, अमुक कंपनीचाच लागतो, जास्त जीबीचा हवा, असे निष्कर्ष निघतात. पेनड्राइव्हमध्ये काहीच दोष नसतो. त्या क्षणी मशीनला 'फाइल' ही गोष्टच माहीत नसते.

फाइल, फोल्डर, नाव या सोयी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला देते, आणि तीच अजून सुरू व्हायची असते. बटण दाबल्यावर प्रोसेसर मदरबोर्डवरच्या चिपमधला एक प्रोग्राम चालवायला घेतो. जुन्या मशीनमध्ये तो म्हणजे बायोस. बायोसला डिस्कबद्दल एवढंच ठाऊक असतं: पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, मेमरीत आणायचे आणि त्यांत लिहिलेल्या सूचना पाळायला लागायचं. पुढे काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

या ५१२ बाइट्सची वाटणी बघण्यासारखी आहे. पहिले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी. मग ६४ बाइट, त्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चार पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, नोंदी. शेवटचे २ बाइट म्हणजे सही: हेक्साडेसिमलमध्ये ५५ आणि एए, बायनरीत ०१०१०१०१ १०१०१०१०. सही जुळली नाही तर बायोस ही डिस्क बूटेबल मानत नाही. ४४६ बाइट म्हणजे किती? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे यात दीडशे चिन्हंही मावत नाहीत. एवढ्याशा जागेतला प्रोग्राम पुढचा थोडा मोठा प्रोग्राम उचलतो, तो त्याहून मोठा, आणि शेवटी काही जीबींची सिस्टिम उभी राहते. कॉपी-पेस्ट केलेली आयएसओ डिस्कवर पुढे कुठेतरी पडून असते. पहिल्या सेक्टरमध्ये तिचा एकही बाइट नसतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आयएसओ हा मुळात सीडीचा साचा. सीडीची रचना ठरवणारं आयएसओ ९६६० हे मानक १९८८चं. त्यात सेक्टर २०४८ बाइटचा, आणि पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मानकाने मोकळे सोडले आहेत. सीडीची खरी माहिती त्यानंतर सुरू होते. सीडीवरून बूट करायची पद्धत, 'एल टोरिटो', १९९५ साली आली. तीही आपला पत्ता १६व्या सेक्टरच्या पुढेच शोधते. म्हणजे सीडी वाचणारं यंत्र पहिल्या ३२ केबीत काय आहे याची फिकीर करत नाही, आणि पेनड्राइव्हवरून बूट करणारा बायोस नेमका तिथलाच पहिला अर्धा केबी वाचतो. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतच नाहीत! लिनक्ससाठी बूट-प्रोग्राम बनवणाऱ्या सिसलिनक्स प्रकल्पाने याचा फायदा घेतला. मोकळ्या जागेच्या सुरुवातीला बूट-प्रोग्राम, पार्टिशनचा तक्ता आणि सही ठेवून दिली. अशा प्रतिमेला, म्हणजे इमेज फाइलला, आयसोहायब्रिड म्हणतात. तेच बाइट सीडीवर लिहिले तर ती सीडी, पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटपासून जसेच्या तसे लिहिले तर ती हार्डडिस्क. पार्टिशनच्या तक्त्यात आणखी एक नोंद करून प्रतिमेच्या पोटातल्या छोट्या एफएटी (फाइली मांडायची एक साधी पद्धत) विभागाकडे बोट दाखवलं की बायोसच्या जागी यूईएफआय हा प्रोग्राम असलेल्या नव्या मशीनलाही तीच प्रतिमा चालते. इतकी नेटकी युक्ती संगणकशास्त्रात मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

पेनड्राइव्ह बूटेबल करून देणाऱ्या रुफस या प्रोग्राममध्ये उबुंटूची आयएसओ निवडली की 'आयएसओ मोड की डीडी मोड' असा प्रश्न येतो, तो यामुळेच. डीडी म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरवणं. आयएसओ मोडमध्ये रुफस पेनड्राइव्ह फॉरमॅट करतो, आतल्या फाइली काढून ठेवतो आणि बूट-प्रोग्राम स्वतः लिहितो. विंडोजची आयएसओ मात्र हायब्रिड नसते. ती डीडीने लिहिली तर बूट होत नाही, तिथे रुफस किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधनच वापरावं.

यूईएफआय बायोसपेक्षा शहाणं आहे. त्याला एफएटी फाइल सिस्टिम वाचता येते, आणि ते 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४.ईएफआय' या नावाची फाइल शोधतं. त्यामुळे एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर आयएसओच्या आतल्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तरी बहुतेक वेळा काम होतं. आतल्या फाइली, आयएसओ नव्हे. अडचण एकच: एफएटी३२मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतात, म्हणून एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. विंडोजच्या आयएसओतली 'इन्स्टॉल.विम' अनेकदा त्याहून मोठी असते.

'हा पेनड्राइव्ह लावा, जुना लॅपटॉप रॉकेट होईल' असं सांगणारे रील आणि 'अ‍ॅक्टिव्हेटेड विंडोज'चे तयार पेनड्राइव्ह सध्या सर्रास दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. हलकी सिस्टिम टाकून फरक पडतो, पण पेनड्राइव्हने प्रोसेसर बदलत नाही. आणि जो कोणी पहिला प्रोग्राम पुरवतो, त्याच्या हातात त्यावर उभी राहणारी सगळी सिस्टिम जाते. अँटिव्हायरस त्याच्या नंतर जागा होतो. म्हणून आयएसओ मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ ठसा आपल्या फाइलशी ताडून पाहावा. एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो.

पेनड्राइव्हवरचा सगळा डेटा जातो, तो आधी दुसरीकडे हलवा. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय काहीही करू नका. पहिल्यांदा 'लाइव्ह' पर्याय निवडा. त्यात सिस्टिम पेनड्राइव्हवरून वाचली जाते, बदल रॅममध्ये राहतात आणि हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग सगळं तपासा, मगच बसवायचं का ते ठरवा. लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे मोफत आहेत.

काम झाल्यावर विंडोजमध्ये ३२ जीबीचा पेनड्राइव्ह कधी काही एमबींचाच दिसतो. जागा कुठेही गेलेली नसते, विंडोजला फक्त प्रतिमेतला छोटा विभाग दिसत असतो. विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात 'क्लीन' ही आज्ञा दिली की तो तक्ता पुसला जातो आणि पेनड्राइव्ह पुन्हा पूर्ण फॉरमॅट करता येतो. आज्ञा देण्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा, कारण हार्डडिस्कही त्याच यादीत असते आणि 'क्लीन' खात्री करून घ्यायला थांबत नाही.