परसातले दोन ब्राझिलियन: काजू आणि शोभेचा भुईमूग

कोकणात घरामागे थोडी मोकळी जागा असली की काजूचं एखादं कलम लावायचा विचार मनात येतोच. हल्ली त्याला एक स्पर्धक आलाय. नर्सरीत पिवळ्या फुलांचा, जमिनीलगत पसरणारा बारमाही भुईमूग मिळतो. लोक तो लॉनच्या जागी लावतात, कारण तो कापत बसावा लागत नाही. मग प्रश्न येतो, की जागा एवढीशीच आहे, तर झाड लावू की ही हिरवी चादर अंथरू?

दोघंही मूळचे एकाच मुलखातले. काजू ईशान्य ब्राझीलच्या किनारपट्टीवरचा. तिथल्या तुपी लोकांच्या ‘अकाजू’चं पोर्तुगीजांनी ‘काजू’ केलं आणि सोळाव्या शतकात झाड गोव्यात आणलं. नाव आपल्याला झाडाबरोबरच मिळालं. शोभेच्या भुईमुगाचं शास्त्रीय नाव अराकिस पिंटोई. जेराल्दो पिंतो या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलच्याच बाहिया राज्यात तो गोळा केला, म्हणून हे नाव. आपल्या शेतातला भुईमूग त्याचा सख्खा नातेवाईक. म्हणजे एकाच शेजारातले हे दोघे चारेकशे वर्षांच्या अंतराने आपल्या परसात पोचले.

या दोघांमधला खरा फरक उंचीचा नाही. बी कुठे ठेवायचं, याची दोघांची उत्तरं अगदी उलटी आहेत, आणि बागेतली त्यांची वागणूक बरीचशी तिथूनच समजते.

पिंटोईचं फूल सकाळी जवळून बघा. पिवळ्या पाकळ्यांखाली जो लांब देठ वाटतो तो देठ नसतोच, ती फुलाचीच नळी असते, आणि बीजांडकोश तिच्या पार तळाशी, पानाच्या बगलेत बसलेला असतो. फलन झालं की फूल सुकतं आणि त्या तळातून एक बारीक दांडी निघून सरळ मातीकडे वळते. आपले शेतकरी याला ‘आऱ्या सुटल्या’ म्हणतात. आरी जमिनीत घुसते आणि अंधारात टोकाशी शेंग धरते. पिंटोईच्या शेंगा लहान, बहुतेक एकाच दाण्याच्या आणि मातीत विखुरलेल्या असतात, त्यामुळे खाण्यासाठी कुणी तो लावत नाही. पण बी आईच्या पायाशीच पुरलेलं असतं. उन्हाळ्यात वरचा पाला विरळ झाला तरी पहिल्या पावसात तीच जागा पुन्हा हिरवी होते, कारण खाली बीही असतं आणि पेरापेरांतून रुजलेले धुमारेही.

काजूने याच्या नेमकं उलट केलंय. आपण ज्याला फळ म्हणतो ते बोंड म्हणजे फळाचा फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी काजूबी. मोहोरापासून लक्ष ठेवलं तर क्रम स्पष्ट दिसतो: आधी हिरवी बी वाढून जवळजवळ पूर्ण आकाराची होते आणि बोंड बराच काळ नुसत्या देठाएवढं राहतं. मग बी थोडी आक्रसून कडक व्हायला लागते आणि बोंड भराभर फुगून पिवळं किंवा लाल होतं. वटवाघळांना, माकडांना दिलेली ही लाच आहे. त्यांनी गर खावा आणि बी दूर नेऊन टाकावं.

बी असं उघड्यावर टांगायचं तर पहारा हवा. तो टरफलातल्या तेलाचा असतो. त्यातली अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही द्रव्यं कातडी भाजून काढतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उतल्यावर काय होतं हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात ती याच चिकाने. म्हणून मनापासून सांगतो, घरचं झाड आहे म्हणून बंद स्वयंपाकघरात काजूबिया भाजू नका. त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो.

आता मातीकडे येऊ, कारण मला स्वतःला इथे पिंटोई जास्त मोलाचा वाटतो. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. मोठा थेंब सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो, कण उडवतो, आणि उताराचं पाणी ते घेऊन जातं. झाड असलं की हे थांबतं असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पानाच्या टोकावर पाणी साठून पडणारा थेंब पावसाच्या थेंबापेक्षा मोठाही असू शकतो. माती खरी वाचवतो तो झाडाखालचा पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा थर. आणि नेमका तोच आपण भाजावळीसाठी (भाताच्या वाफ्यावर जाळायला) किंवा ‘साफसफाई’ म्हणून झाडून नेतो. पिंटोईचं आच्छादन मातीला चिकटूनच असतं, थेंबाला वेग घ्यायला जागाच उरत नाही.

शिवाय तो शेंगवर्गातला आहे. एक धुमारा मुळासकट उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आतून गुलाबी निघाली तर तिथले जिवाणू हवेतला नत्र बांधण्याच्या कामात आहेत. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच एक द्रव्य त्या गाठीत असतं, त्याचा हा रंग. आपली जांभी माती आम्लधर्मी, आणि ती पिंटोईला चांगली मानवते. नत्र बांधायचं हे काम काजू करत नाही.

पण पिंटोईला धीर लागतो. जूनमध्ये लावलेल्या कांड्या पहिल्या वर्षी सुस्त असतात आणि तण त्यांच्यावर सहज मात करतं. तेव्हा हाताने बेणणी करायलाच हवी. घाटावर, जिथे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे उन्हाळाभर पाणी द्यायची तयारी नसेल तर मी तो लावायचा सल्ला देणार नाही. काजूचं उलट आहे: कलम एकदा लागलं की कातळाच्या फटीतूनही मूळ खाली घालतो आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ काढतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची कलमं तिसऱ्या वर्षापासून फळं देऊ लागतात. वेंगुर्ला ७ ची एकेक बी जवळजवळ १० ग्रॅमची. मात्र जागा लागते. शिफारस ७ बाय ७ मीटरची आहे आणि ती खरी धरा. काजू उंचीपेक्षा आडवा वाढतो. ब्राझीलमधल्या पिरांजी गावच्या एका काजूच्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरत गेल्या आणि त्या एकट्या झाडाने ८,००० चौरस मीटरहून जास्त जागा व्यापली.

तीनेक मीटरच्या पट्ट्यात काजू कोंबू नका, तिथे पिंटोईच बरा. जागा ऐसपैस असेल तर दोन्ही लावा. खालच्या फांद्या छाटून थोडा उजेड आत येऊ दिला की पिंटोई अर्धसावलीत चांगला तगतो. बिया गोळा करताना पाल्यात हरवतील ही शंका रास्त आहे, पण काजू फेब्रुवारी ते मे या दिवसांत गळतो आणि तेव्हा पाणी न दिलेला पिंटोई विरळ झालेला असतो.

एक काळजी मात्र घ्या. खोडाभोवती हातभर रुंदीचं वर्तुळ मोकळं ठेवा. काजूचा मोठा शत्रू म्हणजे खोड आणि मुळं पोखरणारी अळी, कोकणात तिला रोठा म्हणतात. ती लागली की बुंध्याशी बारीक भुसा पडतो आणि डिंक येतो. तो वेळीच दिसला तर साल सोलून अळी काढता येते आणि झाड वाचतं. हिरव्या चादरीखाली तो भुसा दिसणार नाही.