खुलासा: कंपनी काढली म्हणजे घर सुरक्षित?

‘मर्यादित दायित्वाची कंपनी काढली की धंदा बुडाला तरी घराला धक्का नाही’ हे अर्धसत्य आहे. कंपनी मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, हे ब्रिटनमध्ये १८९६च्या सॉलोमन खटल्याने पक्कं झालं. पण नव्या कंपनीकडे तारण नसतं, म्हणून बँक बहुधा संचालकाची वैयक्तिक हमी (कंपनीने फेडलं नाही तर मी फेडेन, अशी) मागते, जागामालकही मागतो. सही केली की त्या देण्यापुरतं संरक्षण संपलं. हमीत कमाल रक्कम आणि मुदत आधी लिहून घ्या. कंपनीच्या खात्यातून घरखर्च तर मुळीच नको: पैशांची सरमिसळ हे न्यायालयाने मालकालाच जबाबदार धरण्याचं एक कारण ठरू शकतं. स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीपासून कंपनी वाचवत नाही, त्याला विमाच लागतो. साधी भागीदारी याहून धोक्याची. भागीदाराने धंद्यासाठी काढलेलं कर्ज तुमच्याकडूनही वसूल होऊ शकतं.