शेल आणि शेल स्क्रिप्ट

शेल म्हणजे आपण टाईप केलेली ओळ वाचून ऑपरेटिंग सिस्टीमकडून काम करून घेणारा प्रोग्राम. त्या काळ्या खिडकीला लोक सरसकट टर्मिनल, कमांड लाईन, शेल काहीही म्हणतात, पण टर्मिनल ही नुसती खिडकी, आत बसून आपलं ऐकतं ते शेल. रोज रोज टाईप करायच्या त्याच कमांड एका फाईलीत ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. (इथे कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थात रोमन अक्षरं.)

युनिक्स (लिनक्सच्या आधीची एक ऑपरेटिंग सिस्टीम) १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालं आणि त्याचं पहिलं शेल केन थॉम्पसन यांनी लिहिलं. पुढे १९७९ ला स्टीफन बॉर्न यांचं शेल आलं, आजच्या स्क्रिप्टची भाषा बरीचशी तिथूनच आलीय. १९८९ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश केलं आणि लिनक्सवर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. मॅकवर २०१९ पासून नवीन युजरला झेडशेल येतं, आणि विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून बॅश वापरता येतं.

शिकताना सगळ्यात आधी काय समजायला हवं तर हे, की तुम्ही एंटर दाबलं की ओळ थेट कमांडकडे जात नाही. शेल ती आधी स्वतः वाचतं, रिकाम्या जागा बघून तिचे तुकडे करतं, चांदणी (*) दिसली तर तिथे फाईलींची नावं भरतं आणि मग तयार यादी कमांडच्या हातात देतं. समजा फाईलीचं नाव आहे "लग्न फोटो" आणि ती उडवायला तुम्ही लिहिलंत आरएम लग्न फोटो (आरएम म्हणजे फाईल उडवायची कमांड), तर आरएमला दोन नावं मिळतात, लग्न आणि फोटो, आणि त्या नावाच्या खरंच दोन फाईली तिथे असतील तर त्या दोन्ही उडतात आणि जी उडवायची होती ती जागच्या जागी राहते. आरएमला रिसायकल बिन माहीत नाही, गेलं ते गेलं. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल (किंमत साठवायला दिलेलं नाव) अवतरण चिन्हांशिवाय लिहिलं की हाच घोळ होतो, म्हणून "$नाव" असं अवतरणात लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. चांदणी वापरून काही डिलीट करायचं असेल तर त्या ओळीच्या पुढे आधी एको (दिलेलं नुसतं छापणारी कमांड) लावून बघा, शेल काय काय भरणार आहे ते सगळं स्क्रीनवर दिसतं आणि एकही फाईल हलत नाही.

दुसरी मोठी गोष्ट पाईप, म्हणजे ती उभी रेघ (|), डावीकडच्या कमांडचं उत्तर ती उजवीकडच्या कमांडला देते. बागेतल्या पाण्याच्या नळीला दुसरा तुकडा जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत असं बेल लॅब्जच्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ च्या टिपणात लिहून ठेवलं होतं, प्रत्यक्षात १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ते एका रात्रीत युनिक्समध्ये आणलं. समजा एका फाईलीत ऑर्डर आलेल्या गावांची नावं आहेत, दर ओळीला एक, तर सॉर्ट गावं | युनिक -सी | सॉर्ट -एनआर एवढ्यात कुठल्या गावाच्या किती ऑर्डर ते मोठ्या आकड्यापासून खाली लागून येतं. सॉर्ट ओळी क्रमाने लावतं (-एनआर म्हणजे आकड्याप्रमाणे, मोठा आधी), युनिक -सी सारख्या ओळी एकत्र करून मोजतं. पहिलं सॉर्ट का, तर युनिक फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी ओळखतं, सातारा वर एकदा आणि खाली एकदा असेल तर दोन वेगळे धरतं. नवशिके इथे हमखास अडकतात.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! लिहून पुढे कुठलं शेल वापरायचं त्याचा पत्ता देतात, मग सीएचमॉड +एक्स करून फाईल चालवण्याजोगी करायची आणि ./ लावून चालवायची. व्हेरिएबलला किंमत देताना = च्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, सोडली तर शेल त्या नावाची कमांड शोधत बसतं. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते, ० म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे बिघडलं, आणि && ने जोडलेली पुढची कमांड हा आकडा बघूनच चालते. बॅकअप नीट झाला तरच जुनं काढ, हे असंच लिहितात.

मदतीला मॅन ही कमांडांची माहिती दाखवणारी कमांड आहेच, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात, ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी एक प्रयोग जरूर करावा. प्रिंटएफ मराठी | डब्ल्यूसी -सी असं केलं (प्रिंटएफ शब्द छापतं, डब्ल्यूसी -सी त्याचे बाईट मोजतं) तर उत्तर येतं १५, आणि -सी च्या जागी वर्ण मोजणारं -एम टाकलं तर ५. डोळ्याला तर तीनच अक्षरं दिसतात! यूटीएफ-८ (मजकूर साठवायची पद्धत) मध्ये म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच वेगळे वर्ण साठवतात आणि प्रत्येकाला तीन बाईट लागतात. बऱ्याच लिनक्सवर कट -सी (ओळीचा तुकडा कापून देणारी कमांड) सुद्धा अक्षरं सोडून बाईटच मोजतं, त्यामुळे मराठी ओळ मधेच कापली जाते आणि टोकाला प्रश्नचिन्हाचे चौकोन येतात.