मानसशास्त्र, प्रास्ताविक अभ्यासक्रम (गोवा)

पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा मानसशास्त्राचा पायाभूत विषय. पणजी, म्हापसा आणि मडगाव परिसरातील काही महाविद्यालयांत तो उपलब्ध आहे. नवीन शैक्षणिक धोरणानुसार २०२३–२४ पासून गोवा विद्यापीठात चार वर्षांची पदवी सुरू झाली आणि कला शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तो घेण्याची वाट मोकळी झाली. प्रवेश घेणाऱ्यांपैकी अनेकांना समोरच्याचे मन ओळखायला शिकायचे असते, काहींना समुपदेशक व्हायचे असते. सत्र मात्र सुरू होते ते स्वतंत्र चल (प्रयोगकर्ता बदलतो तो घटक), परतंत्र चल (त्यामुळे बदलणारा, मोजला जाणारा घटक), नियंत्रित गट (तुलनेसाठी तो बदल न केलेला गट) आणि नमुना निवड (कोणाचा अभ्यास करायचा हे ठरवणे) यांपासून. त्यामुळे पहिले काही आठवडे वर्ग जरा हिरमुसलेला असतो. पण अभ्यासक्रमाचा गाभा तोच आहे : माणसाविषयी कोणी काही ठामपणे सांगितले, तर ते तपासायचे कसे.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये निघाली. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. देशात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला होता. पाठ्यपुस्तके या शास्त्राचा आरंभ १८७९ पासून, जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटच्या लाइपझिग येथील प्रयोगशाळेपासून धरतात.

त्याआधीच्या एका गोमंतकीयाचे नाव त्यांत क्वचितच ठळकपणे येते. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले पाद्री आबे फारिया (जुझे कुस्तोदियु द फारिया) यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. संमोहनाचा आधीचा प्रवर्तक, वैद्य मेस्मर याच्या मते संमोहनकर्त्याकडून एक चुंबकीय द्रव समोरच्याच्या देहात जातो. फारिया म्हणाले, असे काहीही जात नाही. संमोहनातल्या निद्रेचे कारण त्या व्यक्तीच्याच कल्पनाशक्तीत आणि ग्रहणशीलतेत आहे. सूचनेचा प्रभाव हा पुढे फ्रान्समधील नान्सी संप्रदायाने उचलून धरलेला विचार इथे आधीच दिसतो. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना ते गांगरले, तेव्हा वडिलांनी ‘कातर रे भाजी’ (समोरचे सगळे भाजी समज आणि काप) असे कोकणीत पुटपुटून त्यांना धीर दिला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, सूचनेचे सामर्थ्य समजावण्यासाठी याहून सोयीची गोष्ट गोव्यातल्या शिक्षकाला मिळणार नाही. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी असलेला त्यांचा पुतळा (१९४५) रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला.

अभ्यासक्रमात साधारणपणे मेंदू व मज्जासंस्था, वेदन व संवेदन, अवधान, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना, बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व ही प्रकरणे असतात. मज्जापेशींचे प्रकरण कला शाखेच्या मुलांना जड जाते. सर्वांत रंगतो तो अध्ययनाचा भाग. पाव्हलॉव्हचा, अन्नाआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळणारा कुत्रा इथल्या मुलांना समजायचा, तर मदतीला पदेर (दारोदार पाव विकणारा) घ्यावा. त्याच्या सायकलचा भोंगा हा मुळात नुसता आवाज. त्यामागोमाग रोज गरम उंडे (गोल पाव) येऊ लागले, की भोंगा ऐकूनच तोंडाला पाणी सुटते : हे अभिजात अभिसंधान. भोंगा वाजत राहिला आणि पाव येईनासा झाला, तर प्रतिसाद हळूहळू ओसरतो, त्याला विलोपन म्हणतात. पिशवी घेऊन दाराकडे धावणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती स्वतःहून केलेली आणि पाव मिळाल्यामुळे बळावलेली कृती असल्याने साधक अभिसंधानात मोडते. परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रबलन वेळापत्रकांचे (कृतीला बक्षीस केव्हा आणि कितीदा मिळते याच्या योजनांचे) उदाहरण मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंत आहे. कितव्या खेपेला पैसे मिळतील हे ठाऊक नसलेले यंत्र माणसाला सर्वाधिक काळ खेळवत ठेवते.

प्रात्यक्षिकांत विद्यार्थी जोडीने बसतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. आरशातील आकृती रेखाटण्याच्या प्रयोगात प्रयुक्ताचा हात आडपडद्याने झाकलेला असतो आणि आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल न्यायची असते. पहिल्याच कोपऱ्यावर हात अडतो, भलत्या दिशेला जातो, तिथेच थरथरतो. प्रयोगकर्ता वेळ आणि चुका टिपतो. सरावाने दोन्ही घटतात. उजव्या हाताच्या सरावाचा फायदा डाव्यालाही होतो. म्युलर-लायर भ्रमात समान रेषा बाणांच्या टोकांमुळे लहानमोठ्या दिसतात, त्या समान आहेत हे माहीत असूनही.

शिकवणे व परीक्षा इंग्रजीतून होतात. पेडणे, डिचोली, सत्तरीतून मराठी प्राथमिक शाळेत शिकून आलेल्या मुलांना त्याचा सुरुवातीला त्रास होतो, पण प्रश्न केवळ भाषेच्या अडचणीचा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या धर्तीवर (१८८५) स्मृतीचा प्रयोग करताना निरर्थक अक्षरगट लागतात. रोमन लिपीतील ‘एन-ए-के’ इंग्रज वाचकाला निरर्थक, इथल्या मुलाला सरळ ‘नाक’. ती यादी तशीच वापरली, तर पाठांतर सोपे होते आणि निष्कर्ष फसतो. यादी स्थानिक भाषा लक्षात घेऊन बनवणे हा म्हणूनच पद्धतीचा भाग आहे, सौजन्याचा नव्हे.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत याच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना संशोधनात प्रयुक्त म्हणून सहभागी व्हावे लागते. पाठ्यपुस्तकांतील ‘माणूस’ पुष्कळदा तिथलाच असतो. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवले, की अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा प्रमुख नियतकालिकांतील ६८ टक्के नमुने अमेरिकेतले होते. हा आकडा पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायला हवा.

हा विषय उत्तीर्ण झाल्याने कोणी उपचारक होत नाही. तीन वा चार वर्षांची पदवी मिळाल्यावरही नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी पदव्युत्तर स्तरावरचे मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तरीही पहिले सत्र संपण्याआधीच नातेवाईक आपल्या मुलाच्या अभ्यासातल्या चंचलपणाबद्दल सल्ला विचारू लागतात. त्यांना बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेचा पत्ता देणे, एवढेच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने करावे.