गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातला गाळ : खनिजांवरून मूळ शोधणं

नदीच्या मुखाशी साठलेला जुना गाळ नेमका कुठल्या खडकातून झिजून आला, हे त्यातल्या खनिजांवरून ओळखायची ही पद्धत. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण इथे सगळं कामच मूळ विचारायचं, तेही वाळूच्या एकेका कणाला.

गोदावरी यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून १४६५ किमी वाहून ती आंध्रात धवळेश्वरमच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांत फुटते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. तिचं खोरं ३ लाख चौ. किमीहून मोठं आणि त्यातला जवळपास निम्मा भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपला काळा कातळ, वय साधारण ६.६ कोटी वर्षं. पुढे खाली ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णतेनं-दाबानं बदललेला पट्टेदार खडक) लागतात, प्राणहितेच्या बाजूला गोंडवनाचे वालुकाश्म, आणि इंद्रावती, शबरी या उपनद्या पूर्व घाटाकडचा माल आणतात. प्रत्येक खडकाची खनिजं वेगळी म्हणून हे जमतं. बेसाल्टमधून ऑगाइट, मॅग्नेटाइट आणि स्मेक्टाइट ही फुगणारी चिकणमाती येते (पावसात चपलेला चिकटते ती काळी माती मुख्यतः हीच), पूर्व घाटातल्या खोंडालाइट या खडकातून गार्नेट आणि सिलिमनाइट, तर ग्रॅनाइटमधून क्वार्ट्झ, पोटॅश फेल्डस्पार, झिरकॉन.

लॅबमध्ये आधी गाळ धुऊन चाळतात, मग बारीक वाळू ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवात टाकतात. त्याची घनता २.८९ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५, त्यामुळे क्वार्ट्झ तरंगतं आणि जड खनिजं तळाला बसतात, ती काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली एकेक मोजतात. चिकणमाती इतकी बारीक की तिथे मायक्रोस्कोप पुरत नाही, तिला एक्स-रे लावावा लागतो. झिरकॉनमधल्या युरेनियम आणि शिशावरून त्या कणाचं वय निघतं.

पण खरी अक्कल पुढे लागते. बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतोच, म्हणून नुसते झिरकॉन मोजले तर अर्धं खोरं गायब होतं आणि सगळा गाळ ग्रॅनाइटचा वाटायला लागतो! शिवाय ऑगाइट नाजूक, गाळ खोल गाडला गेला की लाखो वर्षांत विरघळून जातं, गार्नेट जास्त टिकतं, झिरकॉन तर जवळपास अमरच. त्यामुळे जुन्या थरात ऑगाइट सापडलं नाही म्हणजे बेसाल्ट नव्हता असं म्हणता येत नाही. पाणीसुद्धा जड-हलके कण वेगवेगळे करून टाकतं, किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात ते लाटांनी हलके कण वाहून नेल्यामुळे. आणि राजमहेंद्रीजवळ, म्हणजे त्रिभुज प्रदेशाच्या अगदी तोंडाशी, बेसाल्टचा एक छोटा तुकडा आहे, साधारण दख्खनच्या बेसाल्टच्याच वयाचा, त्यामुळे एखादा बेसाल्टी कण नाशिककडून आला की शेजारून, हे एकट्या खनिजावरून सांगणं अवघड जातं.

म्हणून खनिजांच्या जोडीला निओडिमियम या मूलद्रव्याचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) बघतात, तरुण बेसाल्ट आणि अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइट यांचं प्रमाण त्यात स्पष्ट वेगळं दिसतं. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून नळीनं काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यावर हे केलं तेव्हा दिसलं की गेल्या काही हजार वर्षांत दख्खनचा वाटा वाढलाय, म्हणजे वरच्या खोऱ्याची धूप वाढली. विशेष म्हणजे याच काळात पाऊस कमी होत गेला होता. पाऊस कमी आणि धूप जास्त, हे उलटं वाटतं, पण रान विरळ झालं की उघड्या मातीला थोडा पाऊसही पुरतो. त्यात शेतीचा हात किती हे खनिज सांगत नाही, मात्र दायमाबाद, जोर्वे, नेवासे ही ताम्रपाषाणयुगातली गावं गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवरेच्या काठी होती आणि तिथली माणसं तेव्हा शेती करत होती.